ह्युई गॅलाहर: दहा हजारांचा खेळाडू, आठ पौंडांचा पगार

टाईनकाठी (धागाकर्ता)

न्यूकॅसलच्या सेंट जेम्सेस पार्क मैदानावर आजवरची सर्वांत मोठी गर्दी झाली ती ३ सप्टेंबर १९३० रोजी. वार बुधवार, म्हणजे कामाचा दिवस. आत ६८,३८६ माणसं. हा आकडा त्या मैदानावर अजून कुणी मोडलेला नाही. आणि एवढी माणसं आली होती ती पाहुण्या संघातल्या एका खेळाडूला बघायला. चार महिन्यांपूर्वी तो त्यांचाच होता. क्लबने त्याला लंडनच्या चेल्सीला १०,००० पौंडांना विकून टाकला होता. सामना न्यूकॅसलने १-० असा जिंकला, पण इथल्या घराघरांत पुढच्या पिढ्यांना सांगितलं गेलं ते एवढंच, की आमचे आजोबा त्या दिवशी ह्युईला भेटायला गेले होते.

मी टाईन नदीच्या दक्षिण तीरावर, गेट्सहेडला राहतो. अकरा वर्षं झाली. इथे नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य गोल करणाऱ्याच्या शर्टाला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा मान आहे. जॅकी मिलबर्न, अ‍ॅलन शिअरर ही नावं आपल्याकडेही माहीत असतात. पण म्हातारी माणसं यादीची सुरुवात ज्याच्यापासून करतात, त्याच्या काळात शर्टावर नंबरच नव्हते. तो हा ह्युई गॅलाहर. उंची ५ फूट ५ इंच. सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीच्या मधोमध खेळून गोल करणारा.

जन्म २ फेब्रुवारी १९०३, स्कॉटलंडमधल्या लॅनर्कशरच्या बेल्सहिल गावी. कोळशाच्या खाणींचं आणि लोखंडाच्या भट्ट्यांचं गाव. आईवडील आयर्लंडच्या अल्स्टरमधून पोटामागे आलेले. पोरगा पंधराव्या वर्षी खाणीत उतरला. त्याच परिसरातला, त्याच्याहून दीड वर्षाने मोठा अ‍ॅलेक्स जेम्स त्याचा लहानपणचा दोस्त. जेम्स पुढे आर्सेनलचा मेंदू म्हणून नावाजला. काही वर्षांनी याच बेल्सहिलमध्ये मॅट बझ्बीही जन्मला, पुढे मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर म्हणून गाजलेला. एका खाणगावातून हे तिघे.

ह्युईची सुरुवात डम्फ्रीसच्या क्वीन ऑफ द साऊथ क्लबकडून झाली. ९ सामन्यांत १९ गोल, आणि मग दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया. पेनिसिलिनच्या आधीचा काळ तो. खाटेवरून उठला आणि १९२१ मध्ये एअर्ड्रीकडे गेला. एअर्ड्री म्हणजे ग्लासगोच्या रेंजर्स-सेल्टिक या बड्या क्लबांच्या सावलीतलं लहान गाव, लाकडी स्टँडचं मैदान. या गावाच्या संघाने १९२३ पासून सलग चार मोसम लीगमध्ये दुसरा नंबर काढला आणि १९२४ मध्ये हिबर्नियनला २-० ने हरवून स्कॉटिश कप घरी आणला. ह्युईला विकाल तर स्टँड पेटवून देऊ, असं तिथल्या प्रेक्षकांनी बजावलं होतं म्हणतात. डिसेंबर १९२५ मध्ये न्यूकॅसलने ६,५०० पौंड मोजले आणि एअर्ड्रीने त्याला विकलाच.

तो इंग्लंडमध्ये आला तो क्षणही विलक्षण होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला होता. आधी चेंडू पुढे देताना आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरच्या संघाचे तीन जण लागायचे, आता दोघे पुरले. पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या डिव्हिजनमध्ये १९२४-२५ साली एकूण १,१९२ गोल झाले होते, ते एका वर्षात १,७०३ वर गेले. बचावफळ्या गांगरून गेल्या होत्या, आणि नेमका तेव्हा हा बुटका, चिवट माणूस त्यांच्यात घुसला. पहिलाच सामना एव्हर्टनशी, ३-३. ह्युईचे दोन गोल, समोरून डिक्सी डीनचे तीन. त्या मोसमात न्यूकॅसलकडून १९ लीग सामन्यांत त्याने २३ गोल केले.

पुढच्या वर्षी तो कप्तान झाला. तेवीस-चोवीस वर्षांचा पोर. लीगमध्ये ३६ गोल, आणि १९२६-२७ चं विजेतेपद न्यूकॅसलला. त्यानंतर न्यूकॅसलने इंग्लंडची लीग आजतागायत जिंकलेली नाही. जवळजवळ शंभर वर्षं होत आली.

त्याचा खेळ कसा होता हे सांगायला फिल्म फारशी नाही, पण ज्यांनी लिहून ठेवलंय त्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे. तो गोलपोस्टसमोर चेंडूची वाट बघत थांबणारा नव्हता. मागे येऊन चेंडू घ्यायचा, पाठीवर समोरच्या संघाचा दीडपट वजनाचा सेंटर हाफ (मधला बचावपटू) झेलत वळायचा, दोन्ही पायांनी मारायचा, आणि त्या उंचीवर हेडरही जिंकायचा. त्याच्या नडग्या म्हणजे जखमांवर जखमा. मध्यंतराला मोजे रक्ताने भिजलेले असायचे असं सोबत खेळलेल्यांनी सांगितलं आहे. त्या काळच्या बुटांच्या तळव्यांना चामड्याचे स्टड खिळ्यांनी ठोकलेले असत. मागून लाथ बसली तर रेफरी बहुतेकदा शिट्टीही वाजवत नसे.

त्यामुळे तो भडकायचा. ३१ डिसेंबर १९२७ ला हडर्सफील्डविरुद्ध पेनल्टी नाकारली गेली म्हणून त्याने रेफरी बर्ट फॉग यांच्याशी भर मैदानात वाद घातला. सामन्यानंतर माफी मागायला त्यांच्या खोलीत गेला. ते वाकून स्नानाची तयारी करत होते. याने त्यांना भरल्या टबात ढकललं. दोन महिन्यांची बंदी. हे चूकच होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण नडगीवरच्या टाक्यांसाठी कुणावर दोन महिने बंदी आल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

न्यूकॅसलकडून १७४ सामने, १४३ गोल. क्लबच्या इतिहासात सामन्यामागे गोलांची अशी सरासरी इतके सामने खेळलेल्या दुसऱ्या कुणाची नाही. तरी १९३० मध्ये त्याला विकलं. त्याला जायचं नव्हतं. पण त्याला काय हवं हे विचारायची पद्धतच त्या व्यवस्थेत नव्हती, आणि मला या धाग्यात खरं तर त्याबद्दलच बोलायचं आहे. त्याच्याविषयी इथे दोनच गोष्टी सांगितल्या जातात: त्याचा तापट स्वभाव आणि त्याचा शेवट. मधली एकोणीस वर्षं तो काय मेहनत करत होता आणि तिचा मोबदला कुणाच्या खिशात गेला, हे कुणी सांगत नाही.

सुगरण_मीरा

फुटबॉलमधलं मला काही कळत नाही, तरी एका दमात वाचलं. शीर्षकातले आठ पौंड म्हणजे महिन्याचे का?

टाईनकाठी

आठवड्याचे, मीराताई. मोसमात आठवड्याला ८ पौंड, उन्हाळ्यात ६. जिंकलात तर वर २ पौंड, बरोबरी झाली तर १. इंग्लंडच्या लीगने १९२२ मध्ये ही कमाल मर्यादा घातली आणि ती दुसऱ्या महायुद्धापर्यंत तशीच राहिली. यापेक्षा जास्त कुणालाच द्यायचं नाही, मग तो ह्युई असो की राखीव संघातला कुणी. वर्षाकाठी धरून चालू चारशे पौंड.

हिशेबनीस

एक भर घालतो, कारण खरी मेख पगाराच्या मर्यादेत नाही, तिच्या जोडीला असलेल्या दुसऱ्या नियमात आहे.

खेळाडूचा करार एका मोसमाचा असे. मोसम संपला की क्लब दोन याद्या काढायचा, ठेवायचे आणि विकायचे. ‘ठेवायच्या’ यादीत नाव आलं की करार संपलेला असूनही तुम्ही दुसऱ्या क्लबकडे जाऊ शकत नाही, कारण तुमची नोंदणी क्लबकडे. नव्या करारावर सही केली नाहीत तर पगारही नाही. ‘विकायच्या’ यादीत आलात की किंमत क्लब ठरवणार, पैसे क्लब घेणार. नव्या क्लबकडून सही करताना खेळाडूला नियमाने मिळायचे फक्त १० पौंड. म्हणजे १९३० च्या त्या व्यवहारात न्यूकॅसलच्या तिजोरीत दहा हजार आणि ज्याच्या पायांची ही किंमत, त्याला नियमाने दहा.

एखाद्या कुळाची शेतजमीन मालक बदलते तेव्हा कुळाला कोण विचारतं? तसंच हे. पगाराची मर्यादा जानेवारी १९६१ मध्ये उठली, तीही खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिलच्या नेतृत्वाखाली संपाची नोटीस दिली तेव्हा. आणि दुसरा नियम १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टमने कोर्टात जाऊन खिळखिळा केला. ह्युई यातलं काहीच पाहायला राहिला नव्हता.

शाहूपुरी_१०

लेख लई आवडला. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांत, तालमीतालमींत फुटबॉल आहे, त्यामुळे गावच्या गाव एका खेळाडूच्या मागे कसं लागतं हे मला नव्याने सांगायला नको. आमच्याकडेही एखादा पोरगा दुसऱ्या तालमीकडे गेला की मोसमभर तीच चर्चा.

माझं वय आता एकाहत्तर. आमच्या लहानपणी चेंडू चामड्याचा असायचा, आत रबराचा ब्लॅडर, आणि तोंड वादीने शिवलेलं. पावसात तो चेंडू पाणी प्यायचा. सुरुवातीला हातात धरला तर हलका, आणि तासाभराने उचलला तर पिशवीत दगड भरल्यागत. हेडर मारताना वादीची बाजू कपाळावर आली की कातडी सोलून निघायची, म्हणून उडी मारताना आधी शिवण कुठं आहे ते बघायचं. माझ्या डाव्या भुवईवर अजून खूण आहे. पाच फूट पाच इंचांचा माणूस असला चेंडू डोक्याने खेळून शेकड्यांनी गोल करतो, हे वाचून मी खुर्चीतून उठून येरझाऱ्या घातल्या.

१९२८ च्या लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या सामन्याबद्दल ऐकून आहे, पाऊस पडला होता आणि स्कॉटलंडचे पुढचे सगळे बुटके होते म्हणे. ह्युई त्यात होता का? सविस्तर सांगा.

टाईनकाठी

होता, काका. वादीचं तुम्ही लिहिलंत ते कुठल्याच पुस्तकात मला असं सापडलं नव्हतं.

३१ मार्च १९२८, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. ब्रिटनमधल्या चार संघांच्या स्पर्धेत दोन्ही संघ त्या वर्षी हरलेले, तळाचा नंबर कुणाचा एवढंच ठरायचं होतं. स्कॉटलंडचा संघ जाहीर झाला तेव्हा घरच्या लोकांनी नाक मुरडलं, कारण अकरापैकी आठ जण इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारे. आणि ह्युई तर रेफरी प्रकरणातली बंदी नुकती भोगून आलेला, दोन महिने एकही सामना न खेळलेला.

पुढची फळी अशी: उजवीकडे हडर्सफील्डचा अ‍ॅलेक्स जॅक्सन, मग हिबर्नियनचा जिमी डन, मध्ये ह्युई, मग अ‍ॅलेक्स जेम्स, तो तेव्हा प्रेस्टनकडे होता, आणि डावीकडे रेंजर्सचा अ‍ॅलन मॉर्टन. पाचांत सर्वांत उंच जॅक्सन, ५ फूट ७ इंच. आदल्या रात्री हॉटेलात कप्तान जिमी मॅकमलन याला चार शब्द बोलायला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, झोपायला जा आणि पाऊस पडू दे अशी प्रार्थना करा. सकाळी पाऊस.

सुरुवातीलाच इंग्लंडच्या स्मिथचा फटका पोस्टला लागला. लगेच पलीकडे, तिसऱ्या मिनिटाला, मॉर्टनच्या क्रॉसवर जॅक्सनचा हेडर आत. मध्यंतराआधी जेम्सचा दुसरा. उत्तरार्धात तर ओल्या गवतावर इंग्लंडचे थोराड बचावपटू घसरत होते, आणि हे पाच जण चेंडू पायाशी ठेवून लहान लहान पास देत त्यांच्यामधून जात होते. शेवटी ५-१. जॅक्सनचे तीन, जेम्सचे दोन. तिन्ही वेळा जॅक्सनला चेंडू मॉर्टनने पुरवला. इंग्लंडचा एकमेव गोल अगदी शेवटी फ्री किकवर, बॉब केलीचा. समोर डिक्सी डीन होता, त्याच मोसमात लीगमध्ये ६० गोल करणारा. त्या दिवशी त्याला काही करता आलं नाही.

ह्युईचा एकही गोल नाही. पण इंग्लंडच्या मधल्या फळीला त्याने आपल्यामागे ओढत नेलं, म्हणून जेम्ससमोर जागा मोकळी झाली. सेंटर फॉरवर्डने असं मागे येणं तेव्हा नवं होतं. आता त्याला मोठमोठी नावं आहेत. हे अकरा जण ‘वेम्बली विझर्ड्स’, म्हणजे वेम्बलीचे जादूगार, म्हणून ओळखले गेले, आणि मला सगळ्यात लागतं ते हे की हाच अकरा जणांचा संघ पुन्हा कधीही एकत्र खेळला नाही.

उजवा_आउट

+१. आणखी एक प्रश्न पडला. हा संघ १९३० च्या पहिल्या वर्ल्ड कपला का गेला नाही?

हिशेबनीस

कारण पुन्हा पैसाच. हौशी खेळाडूंना बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची की नाही यावरून भांडण होऊन इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या संघटना १९२८ मध्ये फिफातून बाहेर पडल्या. त्या परतल्या दुसऱ्या महायुद्धानंतर. त्यामुळे ह्युई, जेम्स, मॉर्टन या सगळ्यांच्या उमेदीची वर्षं वर्ल्ड कपशिवाय गेली.

हिरवे_पांढरे_पट्टे

लेख उत्तम, पण मी जरा वाद घालणार आहे. मी ग्लासगोत सहा वर्षं काढली आणि माझ्या मते दोन महायुद्धांमधला स्कॉटलंडचा सर्वांत मोठा गोल करणारा ह्युई नव्हे, सेल्टिकचा जिमी मॅग्रोरी. लीगमध्ये ४०८ सामन्यांत ४१० गोल. सामन्यामागे एकाहून जास्त! १४ जानेवारी १९२८ ला डनफर्मलिनविरुद्ध त्याने एकट्याने ८ गोल केले. तरीही अडीच महिन्यांनी वेम्बलीला त्याला नेलं नाही, कारण मधली जागा ह्युईची. मॅग्रोरीला स्कॉटलंडकडून उभ्या आयुष्यात ७ सामने मिळाले.

आणि पैशाचं म्हणाल तर त्याचीही गोष्ट ऐका. १९२८ मध्ये तो सेल्टिकचे मॅनेजर विली मेली यांच्याबरोबर फ्रान्समधल्या लूर्दच्या यात्रेला निघाला. वाटेत लंडनला आर्सेनलचे मॅनेजर हर्बर्ट चॅपमन त्याला आपल्या क्लबकडे घ्यायला उभे. तो नाही म्हणाला. परतीच्या वाटेवर चॅपमन पुन्हा उभे. तो पुन्हा नाही म्हणाला, सेल्टिक सोडायचंच नव्हतं. त्याच्या या निष्ठेचं बक्षीस काय? पुढे त्याला कळलं की क्लब त्याला सोबतच्या खेळाडूंपेक्षा कमी पगार देत होता. त्याने त्याचाही गाजावाजा केला नाही.

टाईनकाठी

मॅग्रोरीचे आकडे निर्विवाद आहेत, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ह्युईचे देशासाठी २० सामने आणि वीसहून जास्त गोल, हेही बघा. फेब्रुवारी १९२९ मध्ये बेलफास्टला आयर्लंडविरुद्ध ७-३, त्यातले पाच ह्युईचे. आणि इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये दर आठवड्याला त्याच्यासमोर जे बचावपटू होते, तसे ग्लासगोत सतत नव्हते, असं माझं मत. तुमचं वेगळं असू द्या.

मॅग्रोरीच्या पगाराची गोष्ट मात्र तुम्ही आणलीत ते फार बरं झालं. एकाने क्लब सोडला नाही, एकाला क्लबने विकला. दोघांचंही पैशाच्या बाबतीत तेच झालं.

नदीकाठची_संध्या

सेल्टिकचा विषय निघालाच आहे तर जॉन थॉमसनचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं वाटतं. फाइफच्या कार्डेनडेनचा खाणकामगार, सेल्टिकचा गोलकीपर. ५ सप्टेंबर १९३१ ला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर त्यांच्या सॅम इंग्लिशच्या पायाशी झेपावला, गुडघा डोक्याला लागला, त्याच रात्री गेला. वय २२. त्याच्या अंत्ययात्रेला ग्लासगोहून लोक चालत कार्डेनडेनला गेले, ५५ मैल. कामधंदा नसलेली माणसं होती बरीचशी, रेल्वेचं भाडं परवडत नव्हतं. मंदीची वर्षं होती ती. सॅम इंग्लिशचा काही दोष नव्हता हे चौकशीत ठरलं, तरी पुढे मैदानोमैदानी त्याची हुर्यो उडवली गेली. मला त्या दोघांचंही वाईट वाटतं.

बागेश्री_पुणे

आतापर्यंत वाचत होते. एक विचारू का? शेवट काय झाला ते धाग्यात कुणी लिहिलेलं नाही, म्हणून मी दुसरीकडे जाऊन वाचलं. त्याने स्वतःच्या मुलाला इजा केली होती आणि त्याबद्दल खटला होणार होता. व्यवस्थेने त्याला लुबाडलं हे मान्य. पण त्या मुलाचा त्यात काय संबंध? मोठ्या खेळाडूंबद्दल लिहिताना आपण ही बाजू झाकून ठेवतो, ती ठेवू नये असं मनापासून वाटतं.

टाईनकाठी

बागेश्रीताई, तुमचं बरोबर आहे. मी ते टाळलं होतं, आता लिहितो.

चेल्सीकडे तो चार वर्षं होता. १९३२ च्या एफए कपच्या (इंग्लंडच्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या) सेमीफायनलमध्ये नेमकी न्यूकॅसलशीच गाठ पडली, ह्युईने चेल्सीचा गोल केला आणि न्यूकॅसल २-१ ने जिंकलं. दारू वाढली होती. पहिल्या बायकोशी घटस्फोटाचा खटला बरीच वर्षं चालला, त्यात दिवाळं निघालं. १९३४ मध्ये डर्बीने त्याला २,७५० पौंडांना घेतलं तेव्हा देणेकऱ्यांचा हिशेब मिटवणं हाच त्या व्यवहारातला मोठा भाग होता. मग नॉट्स काउंटी, ग्रिम्सबी, आणि १९३८ मध्ये गेट्सहेड. तिसऱ्या डिव्हिजनमधला संघ, आमचं गाव. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाने तिथेही १८ गोल केले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, लीग बंद पडली आणि त्याचं खेळणंही थांबलं. एकूण ५४१ लीग सामने, ३८७ गोल.

तो इथेच राहिला. मिळेल ती कामं केली, वर्तमानपत्रात फुटबॉलवर लिहिलं. न्यूकॅसल क्लबवर इतकी स्पष्ट टीका केली की ज्या मैदानावर त्याच्यासाठी अडुसष्ट हजार माणसं आली होती, तिथे त्याला यायला बंदी केली गेली. दुसरी बायको १९५० च्या शेवटी वारली. तीन मुलगे. मे १९५७ मध्ये घरातल्या भांडणात त्याने धाकट्या मुलाच्या दिशेने अ‍ॅशट्रे फेकली, ती त्याच्या डोक्याला लागली. मुलाला दुसरीकडे ठेवण्यात आलं आणि ह्युईवर खटला दाखल झाला. तारीख होती १२ जून. आदल्या दिवशी, ११ जूनला, लो फेलजवळच्या रेल्वेमार्गावर त्याने जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात, मुलाला दुखावल्याबद्दल शंभर वर्षं जगलो तरी स्वतःला माफ करू शकणार नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं.

तो रेल्वेमार्ग माझ्या रोजच्या रस्त्याला लागतो. मुलाच्या बाजूने बघितलं तर या माणसाला मी निर्दोष म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. एवढंच वाटतं की त्या तीन आठवड्यांत त्याच्याजवळ बसून बोलणारं कुणीतरी हवं होतं. त्यालाही, आणि त्या पोरालाही.

बागेश्री_पुणे

सविस्तर लिहिलंत, आभार. मला एवढंच हवं होतं.

कूपरेज_कट्टा

दोन महायुद्धांमधलं स्कॉटलंड म्हटलं की आपल्याकडची एक गोष्ट इथे नोंदवायलाच हवी. मोहम्मद सलीम. कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगचा विंगर, अनवाणी खेळणारा. १९३६ मध्ये त्याचा एक नातलग त्याला घेऊन ग्लासगोला गेला आणि थेट सेल्टिकच्या विली मेली यांच्यासमोर उभा केला. बूट न घालता खेळणारा माणूस आपल्या व्यावसायिक खेळाडूंसमोर काय खेळेल, अशी मेलींना शंका होती. चाचणीत ती फिटली. हॅमिल्टनविरुद्ध ५-१, त्यात सलीमची पेनल्टी. गॅल्स्टनविरुद्ध ७-१, त्यात तीन गोल त्याच्या पासवर. यातला एकही पहिल्या संघाचा लीग सामना नव्हता.

सेल्टिकचे प्रशिक्षक जिमी मॅकमेनेमी खाली वाकून सलीमच्या पायांना पट्ट्या बांधताहेत, असा एक फोटो आहे. सलीम बाकावर बसलेला. १९३६ साली एक गोरा प्रशिक्षक एका हिंदी माणसाचे पाय हातात घेऊन बसला आहे, हे मी त्या फोटोत पुन्हा पुन्हा बघतो. सलीमला घरची ओढ लागली आणि काही महिन्यांत तो परतला. मोहम्मेडनने १९३४ पासून सलग पाच वर्षं कोलकात्याची लीग जिंकली, आणि १९४० मध्ये मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला.

शाहूपुरी_१०

हे मला ठाऊक नव्हतं. वादीच्या चेंडूला अनवाणी पायाने पेनल्टी! ज्याने मारली आहे त्यालाच कळेल.

बाकी, त्या पाच बुटक्यांपैकी इतरांचं पुढं काय झालं? जॅक्सनचं?

टाईनकाठी

मॉर्टन शहाणा निघाला. तो खाण-अभियंता होता, नोकरी सांभाळून खेळला, त्यामुळे पोटासाठी क्लबच्या तोंडाकडे बघायची वेळ त्याच्यावर आली नाही. अ‍ॅलेक्स जेम्सला १९२९ मध्ये आर्सेनलने ८,७५० पौंडांना घेतलं. आठ पौंडांत भागत नाही म्हणून त्याच्यासाठी लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात वर्षाला २५० पौंडांची खेळसाहित्य दाखवायची नोकरी जमवली गेली. लीगने चौकशी केली, पण नियमात काही सापडलं नाही. आर्सेनलबरोबर चार लीग आणि दोन एफए कप. तोही १९५३ मध्ये कॅन्सरने लवकर गेला.

जॅक्सनची गोष्ट ऐकाल तर हळहळाल. तोही १९३० मध्ये ह्युईपाठोपाठ चेल्सीला गेला. पैशावरून क्लबशी बिनसलं, क्लबने त्याला विकायच्या यादीत टाकून किंमत अशी ठेवली की कुणी घेईना. मग तो लीगबाहेरच्या अ‍ॅश्टन नॅशनल या संघाकडे गेला. तिथे पगाराची मर्यादा लागू नव्हती, आठवड्याला १५ पौंड मिळाले. म्हणजे देशातला सर्वोत्तम उजवा विंगर लहान गावाच्या मैदानावर खेळून जवळपास दुप्पट कमावत होता. पण लीगचा दरवाजा बंद झाला तो झालाच. सत्ताविसाव्या वर्षी मोठं फुटबॉल संपलं. पुढे सैन्यात मेजर झाला आणि १९४६ मध्ये इजिप्तमध्ये मोटार अपघातात गेला.

हिशेबनीस

अ‍ॅश्टनचे ते १५ पौंड हा या धाग्यातला सर्वांत बोलका आकडा आहे. मर्यादा नसती तर बाजाराने त्यांना काय दिलं असतं याचा तो पुरावाच. वाचनखूण साठवली.

सुगरण_मीरा

मला आता तो बुधवारचा सामना डोळ्यांसमोर दिसतो आहे. तुम्ही मैदानावर जाता का? तिथे त्याची काही आठवण आहे का?

टाईनकाठी

सामन्यांची तिकिटं मिळणं अवघड झालंय, वर्षातून एखाद-दोनदा जातो. मैदान शहराच्या अगदी मध्ये, टेकाडावर आहे. खालच्या रस्त्याने चढ चढत गेलं की समोर उभं राहतं. १९३० मध्ये बहुतेक जागा उभ्या राहायच्या होत्या, म्हणून एवढी माणसं मावली. आता सगळीकडे खुर्च्या आहेत, बावन्न हजारांच्या आसपास बसतात, त्यामुळे तो आकडा मोडणं आता शक्यच नाही.

मागच्या हिवाळ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक सत्तरीचे गृहस्थ होते. मी ह्युईचं नाव काढलं तर त्यांनी हातातला चहाचा कागदी कप खाली ठेवला. त्यांचे वडील त्या बुधवारी आत होते, बारा वर्षांचे. गर्दीत पोरं चेंगरू नयेत म्हणून मोठी माणसं त्यांना डोक्यांवरून हातोहात पुढे सरकवत न्यायची, तसे तेही पार मैदानाच्या कडेपर्यंत पोचले. जवळून त्यांना दिसलं ते हे, की ह्युई चेल्सीच्या निळ्या शर्टात बोगद्यातून बाहेर आला आणि सवयीने न्यूकॅसलचे खेळाडू उभे होते त्या अर्ध्याकडे दोन-चार पावलं चालत गेला, मग थांबला आणि वळला.

शाहूपुरी_१०

राहू दे, आता काही लिहवत नाही. ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर फुटबॉलचं संग्रहालय आहे असं ऐकतो. कधी गेलात तर त्या काळचा चेंडू ठेवलेला असेल, त्याच्या शिवणीचा जवळून फोटो टाका. आमच्या तालमीतल्या पोरांना दाखवायचा आहे.

टाईनकाठी

पुढच्या महिन्यात ग्लासगोला जाणं आहे, काका. वाटेत बेल्सहिललाही उतरेन. फोटो याच धाग्यावर टाकतो.